देवाचं प्रेम, वेदीवर आणि वेदीबाहेर

जुन्या गोव्यातलं बॉम जेझू हे चर्च बालयेशूच्या नावाचं. १६०५ साली ते बांधून पुरं झालं. आत शिरल्यावर मात्र नजर खिळते ती मुख्य वेदीवरच्या भल्यामोठ्या संत इग्नेशियसवर. त्याची दृष्टी वर, सूर्यमंडळात कोरलेल्या येशूच्या नामाक्षरांकडे. त्याच्याही वर पवित्र त्रैक्य. ज्याच्या नावाचं चर्च, तो बालयेशू इग्नेशियसच्या खाली, इतका लहान की शोधावा लागतो. सोन्याच्या मुलाम्याची ही कारागिरी थक्क करते, यात वाद नाही. पण तिथलं प्रेम बादशहाने दरबारात बक्षिसी द्यावी तसं वरून खाली येतं.

त्याच सतराव्या शतकात, त्याच गोव्यात, हस्तिदंतात एक वेगळीच मूर्ती घडत होती. डोंगराच्या माथ्यावर मेंढपाळाच्या वेशातला लहान येशू बसलेला. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. खाली झरा, त्यावर पाणी प्यायला आलेली मेंढरं आणि पाखरं. अगदी तळाशी, गुहेत, हाताशी पोथी घेऊन आडवी झालेली मारिया माग्दालेना. वीतभर हस्तिदंतात हे सगळं मावतं. मेंढपाळाचं रूपक बायबलचंच. पण मेंढरं राखताना डोळे मिटून स्वस्थ बसलेला देव युरोपात सहसा दिसत नाही. अभ्यासकांना त्यात ध्यानस्थ बुद्ध दिसतो, मुरलीधर गोपाळ दिसतो. मला त्यात आपलं लेकरू जवळ आहे ना, एवढ्यावर निश्चिंत झालेलं माणूस दिसतं. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात गोव्यात निघाले होते. या मूर्तींवरचा हात पाहता ते कितपत पाळले गेले, याची शंकाच येते. त्यांतल्या कितीतरी मूर्ती आज लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत काचेआड आहेत.

पुढे घराघरांत पोचलं ते वेगळंच चित्र. १७६७ साली पोम्पेओ बातोनीने रोममधल्या जेझू चर्चसाठी येशूचं पवित्र हृदय रंगवलं : हातात ज्वाळा निघणारं हृदय, नजर थेट बघणाऱ्यावर. त्याच्या छापील नकलांच्या नकला गोव्यापासून वसईपर्यंत भिंतींवर लागल्या. खाली तांबडा दिवा आणि संध्याकाळी त्याच्यासमोर घरादाराची रोझरी. चित्र म्हणून ते गुळचट आहे. गाल गुलाबी, केस विंचरलेले, वेदना कुठे नाही. तरी त्याच्यासमोर रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे नुसतं नाक मुरडून भागत नाही. अलीकडे त्याच्या शेजारी लाल-पांढऱ्या किरणांचा दयासागर येशू आला आहे. ते चित्र पहिल्यांदा १९३४ साली विल्नियसमध्ये, सिस्टर फाउस्तिनाच्या सांगण्यावरून रंगवलं गेलं, आणि मनात पाहिलेलं रूप त्यात उतरलं नाही म्हणून ती रडली. तिच्या त्या रडण्याइतकी प्रामाणिक समीक्षा या चित्राची नंतर कुणी केलेली नाही.

देवाला आपल्या मातीतलं रूप देण्याची वाट मराठी शब्दांनी फार आधी शोधली होती. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, ओवीतलं. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला आईच्या नात्याने हाक मारली. चित्राला मात्र आंजेलो द फोन्सेकाची वाट पाहावी लागली. १९०२ साली सांत इस्तेवला जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला, गोव्यात परतला आणि त्याने मारियेला साडी नेसवली. गोव्यातले धार्मिक लोक खवळले. गोरी, निळ्या झग्यातली आई हीच खरी, असं मनात इतकं पक्कं बसलं होतं! तो पुण्याला, शिवाजीनगरच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात येऊन राहिला आणि १९६७ साली पुण्यातच वारला. त्याची मारिया सावळी, पापण्या झुकलेली. बाळाला मिरवत नाही, धरून बसते. बंगाली शैलीचा धूसरपणा कधीकधी त्याला नडतो. त्याच्याकडे शांती फार, राग अजिबात नाही.

तो राग साळगावच्या चित्रकार सोझाकडे आहे. १९५९ चं त्याचं क्रूसारोहण, जे आता टेट संग्रहालयात आहे, काट्याकाट्यांनी भरलेलं, काळंकभिन्न. त्यात प्रेम कुठे, असं विचारता येईल. मी म्हणेन, वेदना खोटी न करण्यात आहे.

१९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर देशी रूपांना मुभा मिळाली. पुण्यात जन्मलेल्या ज्योती साहींसारख्या चित्रकारांनी तिचं सोनं केलं. इतरांनी मात्र कमळ, समई आणि पद्मासन यांचे शिक्के मारले. आणि आज? नव्या चर्चमध्ये संगमरवर येतो, वातानुकूलन येतं, देणगीदारांच्या नावांची पाटी येते. मूर्ती फायबरची, साच्यातून निघालेली, गालांवर तोच गुलाबी रंग. मुलांना देवाची ओळख त्याच गालांवरून होते. फोन्सेका पाहायचा तर पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्राच्या संग्रहात जावं लागतं. पैशांची अडचण म्हणावी, तर नुसत्या ध्वनियंत्रणेच्या खर्चात एखाद्या चित्रकाराचं वर्ष निघेल. पॅरिश समितीने मला विचारलं, तर पहिलं काम मी त्या मेंढपाळाचंच सांगेन : फणसाच्या लाकडात, सावंतवाडीच्या एखाद्या कारागिराकडून, आणि त्याचा धर्म न विचारता.