लो-कोड साधने आणि स्वयंचलित कार्यप्रवाहांची विश्वासार्हता : एक चिकित्सक अभ्यास

सारांश : प्रोग्राम न लिहिता, किंवा अगदी थोडा लिहून, कामाचे स्वयंचलन करू देणारी 'लो-कोड' साधने गेल्या दशकात शिक्षण, आरोग्य व प्रशासन या क्षेत्रांत रुजली आहेत. ही साधने उभारणीचे श्रम कमी करतात. मात्र काम चुकल्यास काय व्हावे याचा विचार करण्याचे श्रम ती कमी करीत नाहीत, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे. इंग्लंडमधील २०२० ची रुग्णनोंदींची घटना, २०२१ मधील माहिती उघड होण्याची घटना आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा टाळेबंदीतील अनुभव यांच्या आधारे या मांडणीचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : लो-कोड, स्वयंचलित कार्यप्रवाह, विश्वासार्हता, जुळणी, उत्तरदायित्व

प्रस्तावना

कोणत्याही कार्यालयाचे काम हा एका अर्थाने कागदाचा प्रवास असतो. अर्ज येतो, त्याची नोंद होते, तो योग्य टेबलावर जातो, त्यावर निर्णय होतो आणि अर्जदारास उत्तर मिळते. हा प्रवास माणसाच्या हाताविना घडवून आणणे म्हणजे कार्यप्रवाहाचे स्वयंचलन होय. पूर्वी त्यासाठी प्रोग्रामरची गरज भासे. आज पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडल्या की काम भागते. या सोयीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिची चिकित्सा मात्र त्या मानाने कमी झाली आहे.

पूर्वपीठिका

प्रोग्रामरवाचून संगणकाचे काम व्हावे ही आकांक्षा नवी नाही. १९७९ मध्ये आलेल्या 'व्हिसिकॅल्क'ने हिशेबनिसाला स्वतःचे गणित स्वतः मांडण्याची मुभा दिली. १९८२ मध्ये जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रामरविना प्रणाली-उभारणी या विषयावर ग्रंथच लिहिला. 'लो-कोड' ही संज्ञा २०१४ मध्ये 'फॉरेस्टर' या संस्थेच्या अहवालातून प्रचारात आली. 'झॅपियर', 'नोड-रेड', मायक्रोसॉफ्टचे 'पॉवर ऑटोमेट', 'एन-एट-एन' ही या प्रकारातील परिचित साधने होत. गूगल फॉर्म, गूगल शीट आणि त्यांना जोडणारी 'अ‍ॅप्स स्क्रिप्ट' ही महाविद्यालयांतील सर्वांत परिचित जोडणी म्हणता येईल.

या सर्वांची रचना सारखीच असते. एखादी घटना घडते, उदाहरणार्थ फॉर्म भरला जातो. त्यासरशी ठरवून दिलेल्या क्रिया एकामागून एक होतात. पडद्यावर दिसते ते या क्रियांचे चित्र. हे चित्र नेहमी यशाचे असते. फॉर्म अर्धवट भरला गेला, मधली सेवा दहा मिनिटे बंद पडली, एकच नोंद दोनदा आली, तर काय, याची चौकट उभारणारा स्वतः काढत नाही तोवर चित्रात नसते. लो-कोड साधनांच्या मर्यादेचे मूळ येथे आहे.

मौन अपयश : इंग्लंडमधील घटना

कोविड साथीच्या काळात इंग्लंडमधील प्रयोगशाळांकडून येणारे चाचणी-अहवाल 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही संस्था आपोआप एक्सेलच्या तक्त्यांत ओढून घेत असे. हे तक्ते जुन्या 'एक्सएलएस' स्वरूपाचे होते. या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. २००७ च्या नव्या स्वरूपात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. साथ वाढली, तक्ते भरले आणि पुढील नोंदी गळू लागल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी अशा रीतीने वेळेवर पुढे गेल्या नाहीत. बाधितांना त्यांचा अहवाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. थिमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर यांनी या घटनेचा अभ्यास करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांचा संपर्क-शोध वेळेवर झाला, त्यांच्या बाबतीत पुढील संसर्ग ६३ टक्क्यांनी व मृत्यू ६६ टक्क्यांनी कमी आढळले. एका तक्त्याच्या मर्यादेची किंमत कोणती असू शकते, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

ही प्रणाली आजच्या अर्थाने लो-कोड साधन नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः योग्य आहे. तथापि तयार साधने एकमेकांस जोडून काम चालते करणे, हे तिचे स्वरूप लो-कोड कार्यप्रवाहाचेच आहे. अधिक महत्त्वाची बाब अशी, की नोंदी गळत असतानाही तक्ता दिसायला व्यवस्थितच होता. जितक्या नोंदी आल्या तितक्याच पुढे गेल्या काय, एवढी एक बेरीज रोज झाली असती, तर गळती पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

पूर्वनियोजित मांडणीचा धोका

दुसरी घटना थेट लो-कोड क्षेत्रातील आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये 'अपगार्ड' या सुरक्षा-संस्थेने जाहीर केले, की मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर अ‍ॅप्स'वर उभारलेल्या संकेतस्थळांतून ४७ संस्थांच्या सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणासही पाहता येतील अशा अवस्थेत होत्या. येथे साधन बिघडले नव्हते. माहितीच्या यादीवर परवानगीचे बंधन घालण्याची सोय होती, परंतु ती आपोआप लागू होत नव्हती. उभारणाऱ्याने ती आठवणीने लागू करावी अशी अपेक्षा होती. पुढे मायक्रोसॉफ्टने ही मूळ मांडणी बदलली. जे साधन तज्ज्ञ नसलेल्यांसाठी म्हणून पुढे केले जाते, तेच तज्ज्ञाला साजेशी दक्षता गृहीत धरते, हा अंतर्विरोध या घटनेतून स्पष्ट होतो.

अर्थात दोष केवळ लो-कोडचा नव्हे. १ ऑगस्ट २०१२ रोजी 'नाइट कॅपिटल' या अमेरिकी दलाली संस्थेने व्यावसायिक प्रोग्रामरांनी घडवलेल्या प्रणालीतील चुकीमुळे सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. प्रश्न प्रोग्राम कोणी लिहिला हा नसून, चूक कोणाच्या आणि केव्हा ध्यानात येणार, हा आहे.

महाविद्यालयीन संदर्भ

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांनी वेबिनार व प्रश्नमंजूषा आयोजित केल्या. फॉर्म भरताच गुण मोजले जावेत, प्रमाणपत्र तयार व्हावे आणि ते ई-मेलने जावे, असा प्रवाह अध्यापकांनी स्वतः उभारला. कोणत्याही स्वतंत्र निधीविना हे घडले, ही लो-कोडची जमेची बाजू होय. परंतु गूगलच्या साध्या खात्यावरून स्क्रिप्टद्वारे दिवसाला १०० पत्त्यांपलीकडे ई-मेल जात नाहीत. त्यामुळे 'प्रमाणपत्रे टप्प्याटप्प्याने मिळतील' अशी सूचना संयोजकांना काढावी लागे. अशा वेळी प्रवाह पुन्हा पहिल्यापासून चालवला, तर पहिल्या शंभरांना दुसऱ्यांदा प्रमाणपत्र जाते आणि उरलेले तसेच ताटकळतात. प्रत्येक ओळीसमोर 'पाठविले' अशी खूण करणारा एक रकाना ठेवला आणि खूण नसलेल्या ओळीच घेतल्या, तर हा घोळ टळतो. तीच क्रिया दोनदा झाली तरी परिणाम एकदाच व्हावा, हे विश्वासार्ह प्रवाहाचे पहिले लक्षण मानावे लागेल.

प्रमाणपत्र उशिरा मिळाल्याने फारसे बिघडत नाही. परंतु हीच पद्धत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा परीक्षा-अर्ज यांसाठी वापरली, तर एका गळलेल्या ओळीचा अर्थ एका विद्यार्थ्याचे वर्ष असा होऊ शकतो. आपली ओळ गळली हे त्या विद्यार्थ्यास कळण्याचा कोणताही मार्ग प्रवाहात नसतो.

याला जोडून मालकीचा प्रश्न येतो. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये आपोआप चालण्याची योजना ज्या व्यक्तीने केली, तिच्याच खात्याच्या अधिकारावर ती चालते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाने वैयक्तिक खात्यातून उभारलेला प्रवाह तो अध्यापक गेल्यानंतर कोणाचा, हे कोठेही लिहिलेले नसते. खाते बंद झाले की प्रवाहही थांबतो. साधनेही चिरंतन नसतात; २००७ मध्ये सुरू झालेले 'याहू पाइप्स' २०१५ मध्ये बंद झाले आणि त्यावर उभारलेले सर्व प्रवाह त्यासोबत संपले.

आवक-जावक नोंदवहीचे तत्त्व

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते, की स्वयंचलन जितके प्रगत तितका त्यातील माणसाचा वाटा अधिक निर्णायक ठरतो. कारण नेहमीचे काम यंत्राकडे जाते आणि अवघड प्रसंग तेवढा माणसाकडे उरतो, तोही सराव सुटल्यानंतर.

आपल्या कार्यालयांतील आवक-जावक नोंदवहीकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. आलेल्या प्रत्येक कागदास क्रमांक मिळे, दिनांक पडे, तो कोणाकडे गेला हे लिहिले जाई आणि पोचपावतीवर सही होई. ही पद्धत संथ होती, हे निःसंशय. परंतु कागद हरवला तर कोठे हरवला, हे तिच्यामुळे सांगता येई. स्वयंचलनाने लिपिकाचा संथपणा दूर केला. त्यासोबत त्याची नोंदवहीही दूर झाली. कार्यक्षमता वाढली, पण उत्तरदायित्वाची जागा रिकामी राहिली.

निष्कर्ष

१. लो-कोड साधनांनी उभारणीचे कौशल्य सर्वांच्या आवाक्यात आणले, हे त्यांचे यश निर्विवाद आहे. परंतु सुलभता म्हणजे विश्वासार्हता नव्हे.

२. प्रत्येक नोंदीस क्रमांक देणे, आलेल्या व गेलेल्या नोंदींची रोज जुळणी करणे, एकच नोंद दोनदा हाताळली जाणार नाही याची तजवीज करणे आणि अपयशाची वर्दी एका निश्चित व्यक्तीस मिळणे, या चार बाबींविना कोणताही प्रवाह प्रत्यक्ष कामासाठी वापरू नये.

३. प्रवाह संस्थेच्या खात्यावर असावा. त्याचे टिपण लिहून ठेवावे आणि उभारणाऱ्याखेरीज आणखी एका व्यक्तीस तो समजलेला असावा.

४. ज्या कामात चूक झाल्यास विद्यार्थ्याचे नुकसान होते, तेथे 'आपली नोंद पोहोचली' ही पोच विद्यार्थ्याच्या हाती पडणे अनिवार्य असावे.

ही सर्व तत्त्वे नवी नाहीत. लाल कापडी बांधणीच्या जाडजूड नोंदवहीत ती होतीच. नव्या साधनांत ती पुन्हा आणण्याची जबाबदारी मात्र साधन बनविणाऱ्यावर सोडून चालणार नाही. ती वापरणाऱ्या संस्थेनेच घ्यावी लागेल.