जोखीम कोणाची ?

एखाद्या शब्दाची खरी किंमत तो कोशांत कसा दिला आहे यावरून जितकी कळते, त्याहून अधिक तो घरांत कोणत्या प्रसंगीं तोंडून निघतो यावरून कळते. 'रिस्क' हा शब्द आतां मराठी घरांत पाहुणा राहिलेला नाहीं. मुलानें पगाराची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढण्याचें मनांत आणलें कीं बाप म्हणतो, 'रिस्क आहे.' मुलीनें परगांवीं शिकावयास जाण्याचा हट्ट धरला कीं आई म्हणते, 'उगाच रिस्क नको.' आणि तोच मुलगा पुढें चार पैसे मिळवूं लागला म्हणजे चारचौघांत सांगतो, 'आयुष्यांत रिस्क घ्यावीच लागते.' शब्द एकच. परंतु पहिल्या दोघांच्या तोंडीं तें भय आहे आणि तिसऱ्याच्या तोंडीं ती फुशारकी आहे. जो शब्द भिणाऱ्याच्या आणि फुशारकी मारणाऱ्याच्या सारखाच उपयोगीं पडतो, त्याची थोडी झडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. परभाषेंतील शब्द दिसला कीं कपाळाला आंठ्या घालणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. मराठीनें फारशीकडून 'जबाबदारी' घेतली, पोर्तुगीजांकडून 'चावी' घेतली, आणि आज हे दोन्ही शब्द घरचेच झाले आहेत. 'रिस्क' हा शब्द तर खुद्द इंग्रजीचाही नव्हे. तो सतराव्या शतकांत फ्रेंच व इटालियन भाषांकडून तिच्याकडे आला. तेव्हां आमची तक्रार शब्दाच्या कुळाविषयीं नाहीं. त्याच्या अर्थांतून जें हळूहळू गळून पडत आहे त्याविषयीं ती आहे. आणि ही गळती 'रिस्क'पुरती नसून, तिचें भाषांतर म्हणून आपण आज जी 'जोखीम' लिहितों, तिलाही लागली आहे.

'जोखीम' हा शब्द 'योगक्षेम' या संस्कृत शब्दापासून निघाला असावा, असें व्युत्पत्ति शोधणाऱ्यांचें मत आहे. न मिळालेलें मिळविणें हा योग आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. सुरक्षिततेचा वाचक असलेल्या शब्दापासून धोक्याचा वाचक शब्द निपजावा, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. पण किंचित् विचार केला म्हणजे त्यांतील संगति ध्यानांत येते. ज्याच्यापाशीं राखण्यासारखें कांहीं आहे, त्यालाच तें जाण्याचें भय. रित्या हातांना कसली जोखीम? म्हणूनच जुन्या बोलींत मौल्यवान् वस्तूलाच 'जोखीम' म्हणत. प्रवासांत बरोबर दागिने किंवा रोकड असली म्हणजे 'जवळ जोखीम आहे' असें हळूच सांगावयाचें. 'जोखमीचें काम' म्हणजे केवळ जिवावरचें काम नव्हे. विश्वासाच्या माणसावांचून कोणावर टाकतां येत नाहीं तेंही काम जोखमीचेंच.

ह्या शब्दाबरोबर येणारीं क्रियापदें पहावींत. जोखीम सोंपवितात, पत्करतात, उचलतात, अंगावर घेतात, संभाळतात. ह्यांतील एकही क्रियापद माणसावांचून उभें राहत नाहीं. कोणीतरी सोंपविणारा लागतो, कोणीतरी उचलणारा लागतो, आणि दोघांच्यामध्यें एक मोलाची वस्तु लागते. थोडक्यांत, आमच्या पूर्वजांची जोखीम ही भविष्याविषयींची अटकळ नसून माणसामाणसांमधील एक नातें होतें.

हें नुसतें शब्दांचें कौतुक नव्हे. व्यवहारांतही तसेंच होतें. पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांच्या व्यापारांत 'जोखमी हुंडी' नांवाचा एक प्रकार प्रचलित होता. माल गलबतावर चढविणारा व्यापारी तो माल ज्या बंदरीं जावयाचा तेथील पेढीवर हुंडी लिही, आणि ती विकून आपले पैसे आधींच मोकळे करून घेई. गलबत सुखरूप लागलें तर हुंडी वटे. माल समुद्रांत बुडाला तर हुंडीही त्याच्याबरोबर बुडे, आणि नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचें होई. ह्याच कारणासाठीं तो ती कमी किंमतीस घेई. म्हणजे एकाच कागदांत कर्जही आलें आणि विमाही आला. वारा आणि लाटा कोणाच्या हातच्या नव्हत्या. पण त्यांनीं घात केला तर तो कोणी सोसावयाचा, हें मात्र गलबत सुटण्यापूर्वींच ठरलेलें असे. जोखीम ह्या शब्दाचें सारें मर्म आम्हांस ह्या हुंडींत दिसतें.

'धोका' हा तिचा शेजारी शब्द. पण दोघांत पुष्कळ अंतर आहे. घाटाच्या वळणावर 'धोकादायक वळण' अशी पाटी असते. 'जोखमीचें वळण' अशी कोणी लावीत नाहीं. धोका त्या वळणावर असतो. तेथें कोणी नसलें तरी तो असतोच. जोखीम असते ती पन्नास उतारू घेऊन त्या वळणावरून गाडी नेणाऱ्या चालकाच्या शिरावर. 'साहसा'ची गोष्ट आणखी निराळी. धर्मशास्त्रांत दंडयोग्य बळजबरीला 'साहस' म्हणत. आज तो गुणवाचक शब्द झाला आहे, तरी अविचाराची छटा त्याला अजून पुरती सोडून गेलेली नाहीं. धोका पाहणें, साहस करणें आणि जोखीम उचलणें ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रिस्क' ह्या एका शब्दांत तिन्ही कोंबल्या म्हणजे बोलणें सोपें होतें, पण विचार गढूळ होतो.

आतां आजच्या वापराकडे वळूं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटीं, गुंतवणूक ही बाजाराच्या जोखमीच्या अधीन आहे, अशा आशयाची सूचना असते, आणि ती पुष्कळदां जाहिरातीच्या इतर मजकुरापेक्षां बऱ्याच घाईनें उरकली जाते. सूचना खरी आहे आणि ती दिलीच पाहिजे. परंतु तिचें व्याकरण पहा. वाक्याचा कर्ता 'गुंतवणूक' आहे. जोखीम आहे ती 'बाजारा'ची. आणि ज्याचे पैसे बुडावयाचे तो मनुष्य वाक्यांत कोठेंच नाहीं! प्रत्येक योजनेबरोबर जोखीम दाखविणारें एक मापकही छापलेलें असतें. २०२१ पासून त्याच्या सहा पायऱ्या आहेत. हें मापक योजनेची जोखीम दाखवितें, माणसाची नव्हे. पंचविशींतल्या कमावत्या तरुणानें त्या योजनेंत पैसे घातले काय, किंवा निवृत्त शिक्षकानें आयुष्याची पुंजी घातली काय, कांटा दोघांसाठींही एकाच जागीं उभा. मापाचा हा दोष नव्हे. माप वाचलें म्हणजे आपली जोखीम कळली, अशी जी समजूत होते ती दोषास्पद आहे.

येथें कोणी म्हणेल, जोखीम मोजतां येऊं लागली हीच तर आधुनिक काळाची मोठी मिळकत. हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. फ्रँक नाइट ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९२१ सालीं आपल्या ग्रंथांत जिचें प्रमाण काढतां येतें ती जोखीम आणि जिचें काढतां येत नाहीं ती अनिश्चितता, असा भेद केला, आणि त्यानें पुष्कळांची दृष्टि स्वच्छ झाली. मृत्यूचीं कोष्टकें नसतीं तर आयुष्याचा विमा हा शुद्ध जुगार ठरता. परंतु विमा हा केवळ मोजणीचा खेळ नव्हे. मोजल्यावर 'हा भार आम्ही उचलतों' असें कोणीतरी म्हणावें लागतें. १९५६ सालीं स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाचें बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायांतील, भक्तांचा योगक्षेम वाहण्याच्या वचनांतून घेतलें आहे, आणि मुंबईंतील त्याच्या मध्यवर्ती कचेरीचें नांवही 'योगक्षेम' असेंच आहे. जोखमीचा धंदा करणाऱ्या संस्थेनें जोखमीच्या मूळ शब्दाचीच पाटी लावावी, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. कारण त्या वचनांतील खरा जोर 'वाहणें' ह्या क्रियापदावर आहे.

हें क्रियापद टाळण्याकडेच आज सर्वत्र कल दिसतो. वाहनतळावर 'वाहनें स्वतःच्या जबाबदारीवर लावावींत' अशी पाटी असते. शस्त्रक्रियेपूर्वीं सही करावयाच्या कागदावर संभाव्य अपायांची यादी असते. ती समजावून सांगावी म्हणून तो कागद असतो, पण पुष्कळदां ती नुसती पुढें सरकविली जाते, आणि गोंधळलेला नातेवाईक खूण केलेल्या जागीं सही करतो. जोखीम सांगणें म्हणजे जोखमींतून सुटणें, असा हा व्यवहार आहे. आणि आपलीं घरें ह्या दोषापासून मुक्त आहेत काय ? मुलीला 'रिस्क नको' म्हणून मागें ठेवणारे तिच्या न झालेल्या शिक्षणाची जोखीम कोणाच्या पदरीं बांधतात ? बापाच्या भविष्यनिर्वाह निधीवर धंदा उभारणारा मुलगा 'मीं रिस्क घेतली' म्हणतो, तेव्हां ती वस्तुतः कोणी घेतलेली असते ? नाहीं म्हणणाऱ्याची जोखीम दिसत नाहीं, आणि हो म्हणणाऱ्याची पुष्कळदां दुसऱ्यानेंच उचललेली असते.

ह्या शब्दाची खरी कसोटी मात्र गटाराच्या तोंडाशीं लागते. सफाई कामगार आंत गुदमरून मेला कीं 'जोखमीचें काम करतांना मृत्यु' असें आपण लिहितों, जणूं जोखीम त्या कामाच्या अंगचाच गुण आहे. हातानें मैला साफ करण्याच्या प्रथेस बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदा ह्या बाबतींत आमच्या गद्यापेक्षां अधिक काटेकोर आहे. गटारांतील 'धोकादायक सफाई' म्हणजे काय, हें सांगतांना तो वायूचें किंवा खोलीचें वर्णन करीत नाहीं. काम देणाऱ्यानें संरक्षक साधनें पुरविण्याचें व खबरदारी घेण्याचें आपलें कर्तव्य न बजावतां माणसाकडून करविलेली सफाई, अशी तो व्याख्या करतो. म्हणजे धोका गटारांत नसून मालकाच्या चुकारपणांत आहे, असें कायदा म्हणतो. तरीही हे मृत्यु थांबलेले नाहींत. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण ती हातीं पडते तेव्हां जोखीम उचलणारा ती घेण्यास हयात नसतो.

तेव्हां 'रिस्क' म्हणा वा 'जोखीम' म्हणा, त्याविषयीं आमचा आग्रह नाहीं. आग्रह आहे तो एका विभक्तीविषयीं. हा शब्द उच्चारतांना त्याच्यामागें षष्ठी जोडावी आणि पुढें एक सकर्मक क्रियापद ठेवावें : अमक्याची जोखीम, अमक्यानें उचलली. ह्या दोन जागा ज्या वाक्यांत रिकाम्या असतील, तें वाक्य जाहिरातींत असो, कचेरींत असो कीं स्वयंपाकघरांत असो, त्या जागीं कोणाचें नांव यावयास पाहिजे होतें, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.