एका नगरीचे दोन हशे

परक्या भाषेचे व्याकरण शिकता येते, शब्दसंग्रहही वाढवता येतो. पण त्या भाषेतल्या कोटीवर शेजाऱ्याच्या बरोबरीने, त्याच क्षणी हसू फुटले, तरच ती भाषा आपल्या अंगवळणी पडली असे म्हणावे. कॅनडातील माँट्रियल नगरीच्या प्रसिद्ध विनोदमहोत्सवाला मी सीमाभागातला एक शिक्षक म्हणून हीच कसोटी लावू इच्छितो.

हा महोत्सव १९८३ साली ‘ज्युस्त पूर रीर’ या नावाने फ्रेंच भाषेत सुरू झाला. १९८५ साली त्याला ‘जस्ट फॉर लाफ्स’ ही इंग्रजी शाखा फुटली. १९७७ च्या भाषाकायद्याने क्वेबेक प्रांतात कारभारात आणि पाट्यांवर फ्रेंचला अग्रस्थान दिले होते आणि त्यावरून इंग्रजी भाषक दुखावले होते. अशा काळात दोन्ही भाषांना एका मांडवाखाली आणणे हे धाडसच होते, आणि त्याचे श्रेय संयोजकांना दिलेच पाहिजे.

मात्र मांडव एक असला तरी पंगती वेगळ्या राहिल्या. अनेक वर्षे दोन्ही भाषांचे मोठे कार्यक्रम सँ-दनी नाट्यगृहातच होत. पण फ्रेंच रात्री निराळ्या, इंग्रजी रात्री निराळ्या. इंग्रजी रात्रीचे बहुतेक तारे अमेरिका-ब्रिटनचे. नवा नट हेरायला अमेरिकन दूरचित्रवाणीचे दलाल तेथे येत. फ्रेंच रात्रीचे विषय, माणसे, टोमणे सारे घरचे. १९८८ साली तर माँट्रियलमध्ये विनोदाचे स्वतंत्र विद्यालयच निघाले. म्हणजे इंग्रजी रंगमंचाचे तोंड लॉस एंजेलिसकडे आणि फ्रेंच रंगमंचाचे आपल्या अंगणाकडे! ज्या शहरात निम्म्याहून अधिक लोकांना दोन्ही भाषा येतात, तेथे ही स्थिती. मला यात महोत्सवाचे खरे उणेपण दिसते.

दोन्ही भाषांना सामावणारी एक युक्ती महोत्सवाला सापडली, ती म्हणजे शब्दच गाळणे. २००० सालापासून निघालेली, छुप्या कॅमेऱ्याने रस्त्यावरच्या माणसांची फजिती टिपणारी मूक मालिका शंभराहून अधिक देशांत गेली. ती पाहून मीही मनमुराद हसलो आहे. पण मौनाने भाषेचा प्रश्न टळतो, सुटत नाही.

तो सोडवून दाखवला एकट्या कलावंताने. शुगर सॅमी हा माँट्रियलमध्येच वाढलेला, पंजाबी आईबापांचा मुलगा. २०१२ साली त्याने ‘यू आर गोना रीर’ हा प्रयोग आणला. नावच अर्धे इंग्रजी, अर्धे फ्रेंच. आणि कार्यक्रमही तसाच. वाक्य एका भाषेत उचलायचे, टोला दुसरीत हाणायचा. दोन्ही समाजांची टिंगल, तीही एकमेकांच्या शेजारी बसवून. हा प्रयोग चार वर्षे चालला. प्रेक्षक तयारच होता, त्याला हाक मारणारा हवा होता, एवढाच याचा अर्थ.

बेळगावकर वाचकाला हे नवे वाटू नये. पु. ल. देशपांड्यांचे ‘रावसाहेब’ आठवा. त्यांच्या बोलण्यातले कानडी वळण पुण्याच्या वाचकाला गमतीदार लकब वाटते. आपल्याला मात्र त्या मराठीखाली वाहणारे कन्नड ऐकू येते. हसू दोघांनाही येते, पण आपले हसू दुहेरी असते.

आणि तरीही आपले संमेलन पुण्या-मुंबईकडे पाहते, शेजारचे धारवाड-बंगळूरकडे. मराठी टिकावी म्हणून आपण झगडलो, झगडू. त्यात तिळमात्र संकोच नको. पण शेजाऱ्याचा विनोद समजल्याने आपली भाषा उणी होत नाही. माझ्या शाळेतली मुले मधल्या सुट्टीत दोन्ही भाषांत एकमेकांची फिरकी घेतात आणि घंटा झाली की शुद्ध मराठीत निबंध लिहितात.

मार्च २०२४ मध्ये महोत्सव चालवणाऱ्या कंपनीने धनकोंपासून कायदेशीर संरक्षण मागितले आणि त्या वर्षीचा सोहळा रद्द झाला. पुढे क्वेबेक शहरातील ‘कॉमेडिहा’ या संस्थेने तो विकत घेतला व २०२५ साली तो पुन्हा भरला. नव्या चालकांनी जुन्या दोन पंगती पुन्हा मांडू नयेत, शेजाऱ्यांना एकाच पाटावर बसवावे. आपल्या स्नेहसंमेलनांच्या चालकांनाही माझे हेच सांगणे आहे.