वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

गेल्या दिवाळीला मी जात्यावरच्या ओव्यांवर एक लेख लिहिला. त्यात एका निवृत्त शिक्षिकेचं बोलणं उद्धृत केलं होतं. बाई मावळातल्या, वय ऐंशीच्या आसपास. त्यांची दीड तासाची मुलाखत एका मराठी पॉडकास्टवर आली होती, तिथून ते वाक्य मी घेतलं: “आईनं मला या ओव्या शिकवल्या.” त्यावर दोन परिच्छेद रचले. आईकडून लेकीकडे आलेलं धन, मौखिक परंपरेची न तुटलेली साखळी वगैरे वगैरे. अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी बाईंच्या भाचीची मेल आली. मावशी असं म्हणालीच नाही, तिनं लिहिलं होतं. मावशी म्हणाली, “आईनं मला या ओव्या शिकवल्या नाहीत.” आई पहाटे जात्यावर बसायची तेव्हा तिला लेक जवळ नको असायची, कारण सासरच्या जाचाचं जे बोलायचं ते ती फक्त तिथेच बोलायची. बाई कणगीआड लपून ऐकत. ‘कणगीआड’ हा शब्द मला ऐकू आला होता. मी तो मायलेकींच्या एकान्ताचा तपशील समजले होते!

मुलाखत मी तीनदा ऐकली होती, त्यामुळे निष्काळजीपणाचा आळ मला पटकन मान्य होईना. मग चौथ्यांदा ऐकली. रात्री, पंखा बंद करून, दोन्ही कानांत इअरफोन घालून. ‘नाहीत’ होतं. श्वासाइतकं होतं, आणि त्याच्या अर्ध्यावर मुलाखतकाराचं “वाऽ, क्या बात है” येऊन बसलं होतं.

त्यानंतर वर्षभर मी मराठी पॉडकास्ट वेगळ्या कानानं ऐकते आहे. या लेखात एकाही पॉडकास्टचं नाव घेणार नाही, कारण हा दोष कुणा एकाचा नाही. आणि ज्यांच्यात तो आहे त्यांतले काही मला मनापासून आवडतात.

कमी आवाजाशी ऐकणारे काय काय करतात ते आधी सांगते. माझी आई फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवते. त्यानं आवाज मोठा होतो, पण सगळे वक्ते विहिरीत उतरून बोलल्यासारखे वाटतात. डोंबिवलीहून भायखळ्याला जाताना मी डब्यात एक तळहात कानावर दाबून धरते. एक मैत्रीण आवाज वाढवणारं ॲप वापरते, त्यात बोलणं वाढतं तशी खरखरही वाढते. बहुतेक जण फोनचं बटण शेवटापर्यंत दाबतात. मग फोन इशारा देतो की फार वेळ मोठ्या आवाजात ऐकणं कानांना अपायकारक आहे. तो इशारा योग्यच असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सुरक्षित श्रवणासाठी घालून दिलेलं माप प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल, असं आहे. मात्र हळू बोलणाऱ्या पाहुण्यासाठी आपण बटण टोकाला नेलेलं असतं, आणि त्याच क्षणी मुलाखतकार खदखदून हसतो किंवा गादीची जाहिरात सुरू होते. बोट सतत बटणावर ठेवून ऐकायचं, म्हणजे ऐकणारा निम्मा वेळ ध्वनिमुद्रकाचं काम करत असतो. फुकट.

“आवाज जरा कमी आहे” अशी तक्रार केली की “वाढवून ऐका” असं उत्तर मिळतं. सगळा भाग सारखाच हळू असता तर हे उत्तर पुरेसं होतं. खरी अडचण एकाच भागातल्या दोन आवाजांमधल्या अंतराची आहे. घरच्या स्टुडिओत मुलाखतकार माइकपासून वीतभर असतो, हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकत असतो. पाहुणा खुर्चीत मागे रेलून बसतो, बोलताना खिडकीकडे बघतो. म्हाताऱ्या पाहुण्याला माइकजवळ या म्हणायची भीड वाटते. ती भीड मला समजते, तरी ती महागात पडते.

मोजण्याची साधनं नाहीत असं मुळीच नाही. ध्वनीची तीव्रता कानाला जशी जाणवते तशी मोजण्याचं सूत्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ साली ठरवलं. २०१० साली युरोपीय प्रसारण संघानं त्यावरून उणे २३ एलयूएफएस ही पातळी नेमून दिली, म्हणजे बातम्यांनंतर जाहिरात अंगावर येऊ नये. पॉडकास्टसाठी ॲपल उणे १६च्या आसपास राहा म्हणतं, स्पॉटिफाय उणे १४. (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा.) ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे एका आज्ञेत होतं. बहुतेक जण तेवढं करतात आणि आपलं काम झालं असं समजतात.

इथे मला जे सापडलं त्यानं मी चक्रावले. हा आकडा म्हणजे संपूर्ण भागाची एक सरासरी. ती काढताना शांतता मोजली जाऊ नये म्हणून सूत्रात एक चाळण आहे: एकूण पातळीपेक्षा १० एककांहून जास्त खाली गेलेले तुकडे हिशेबात धरले जात नाहीत. ही योजना सोयीची आणि शहाणपणाची आहे. पण समजा मुलाखतकार दणदणीत आहे आणि पाहुणी फारच हळू आहे. सरासरी मुलाखतकाराच्या जोरावर ठरते. पाहुणीच्या वाक्यांची शेपटं चाळणीतून खाली पडतात, कधी अख्खी वाक्यं पडतात. यंत्राच्या लेखी ती शांतता असते. आकडा बरोबर उणे १६ येतो, भाग प्रकाशित होतो, आणि ज्या बाईंसाठी हा सगळा खटाटोप केला त्या मोजणीतच नसतात.

त्यात ही मराठी. आपल्या भाषेत वाक्याचा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी, नकार बहुधा त्याच्याही नंतर. ‘मी त्या मोर्चात गेलो होतो’ आणि ‘मी त्या मोर्चात गेलो नव्हतो’ यांतला फरक श्वास संपत आलेला असतो तिथे येतो. नुसता नकारच नव्हे. ‘त्यांनी जमीन विकली’ ही साक्ष झाली, ‘त्यांनी जमीन विकली म्हणे’ ही ऐकीव गोष्ट झाली. ‘असेल’, ‘असावं’, ‘की काय’, ‘बरं का’ ही सगळी मंडळी वाक्याच्या दाराशी उभी असतात. बोलणाऱ्याला किती खात्री आहे, तो थट्टा करतोय की नाही, हे तीच सांगतात. शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत बाई ओरडायच्या, “वाक्याचा शेवट पाडू नकोस!” त्या तेव्हा नाटकी वाटायच्या. पण साध्या गप्पांत सगळेच शेवट पाडतात, वयस्क माणसं जास्त. त्यावर ‘नॉइज गेट’ नावाचं औषध लावतात, म्हणजे ठरावीक पातळीखालचा सगळा आवाज कापून टाकायचा, पंख्याची घरघर जाते म्हणून. घरघरीबरोबर ‘म्हणे’ही जातं.

‘हौशी माणसं पदरमोड करून हे करतात, त्यांच्या मागे काय लागायचं’, हा आक्षेप मला पूर्ण मान्य नाही, अर्धा आहे. कुणी शेतावरून फोनवर बोललं असेल आणि वारा घुसला असेल, तर मी तो वारा आनंदानं ऐकेन. पण आपल्याकडे पुस्तकाच्या परीक्षणात शेवटच्या ओळींत मुद्रितशोधनाबद्दल कुरकुर करायची जुनी रीत आहे. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण प्रकाशकाला सोलतो. पॉडकास्टवर लिहिताना मात्र ‘ओघवत्या गप्पा’, ‘दिलखुलास मुलाखत’ यापुढे जात नाही. निम्मी वाक्यं शेवटाविना छापलेलं पुस्तक कुणी दिलखुलास म्हटलं असतं का?

उलट टोकही ऐकलं आहे, आणि ते मला जास्त खुपतं. सगळं दाबून, ठोकून एका उंचीवर आणायचं. यात आवंढा, खुर्चीची करकर, चहाचा घोट, सगळं मुख्य वाक्याइतकंच मोठं होतं. बोलणारा थांबला की खोलीचा आवाज फुगून वर येतो, म्हणून संपादक तो थांबाच कापतो. विचार करून बोलणारा माणूस मग जाहिरात वाचल्यासारखा वाटतो. कमी आवाज सगळीकडे बरा करावाच असं मी म्हणणार नाही. मी ऐकलेल्यांतला सगळ्यात चांगला भाग अतिशय हळू आहे: दोन बहिणी आजारी वडिलांच्या उशाशी बसून त्यांच्या गिरणीतल्या नोकरीबद्दल विचारतात. विचारणाऱ्या वडिलांइतक्याच हळू बोलतात, त्यामुळे एकदा बटण वाढवलं की तासभर त्याला हात लावावा लागत नाही. त्या भागाला कुणीही तंत्रज्ञ नापास करेल. पण त्यात एक शब्द हरवलेला नाही.

ते सौजन्य मराठी मुलाखतीच्या सवयीत बसत नाही. आपला मुलाखतकार रंगमंचावरून आला आहे. समोर प्रेक्षागृह आहे असं धरून तो बोलतो, दाद स्वतःच देतो, पाहुण्याचं वाक्य पुरं होण्याआधी देतो. सभागृहात ते चालतं, कारण हशा ओसरला की वक्ता वाक्य पुन्हा उचलतो. माइकसमोर दोन माणसं असताना ती दाद म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर ठेवलेला हात होतो. तिथे मान डोलावली तरी पुरते. आणि दोन माइक, दोन वेगळे ट्रॅक, हे महागडं प्रकरणही राहिलेलं नाही. ट्रॅक वेगळे असले तर पाहुण्याचा आवाज निराळा उचलता येतो, दाद निराळी खाली नेता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या बायकांचं म्हणणं कुणीतरी शेवटापर्यंत ऐकून घेतलं म्हणूनच.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी दुरुस्ती पुढच्या अंकात छापायचं कबूल केलं. मी पॉडकास्टवाल्यांना लिहून मूळ ध्वनिमुद्रण मागितलं, त्यांनी ते लगेच पाठवलं. माणसं भली आहेत. पण दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर होते, वेगळे करायला काही उरलं नव्हतं. पडद्यावर मुलाखतकाराचं बोलणं डोंगररांगेसारखं दिसत होतं आणि बाईंचं मुंग्यांच्या ओळीसारखं.

मग बाईंना फोन केला, माफी मागितली. फोनवर त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. “ऐकू येतंय ना गं तुला?” असं दर दोन वाक्यांनी विचारत होत्या. आईबद्दलचा अकरा मिनिटांचा भाग मी हातानं उतरवून काढला आहे, तीन संध्याकाळी लागल्या. दोन जागा अजून लागलेल्या नाहीत. त्या बाईंना वाचून दाखवल्या, तर तिथे आपण काय म्हणालो होतो ते त्यांनाही आठवेना. कागदावर तिथे टिंबं आहेत.