गाण्यांची पत्रिका

माणसांच्या पत्रिका असतात हे मला ठाऊक होतं. माझी आणि सौ.ची रीतसर जुळवली होती. तरीही आमचा संसार बरा चालला आहे. पण गाण्यांच्याही पत्रिका मांडतात, हे ज्ञान मला परवा आमच्या कन्येनं दिलं. तिच्या वहीत इंग्रजी रॉकची चाळीस गाणी स्वभावाप्रमाणे सोळा खणांत बसवलेली होती.

हे सोळा खण मूळचे माणसांसाठी. युंगच्या १९२१ सालच्या ग्रंथाच्या आधारे ते अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी पाडले. अंतर्मुख की बहिर्मुख, तपशील की कल्पना, विचार की भावना, आखीव की मोकळं. चार जोड्या, प्रत्येकीतून एक निवडायचं. दोनाचा चौथा घात सोळा. माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला हिशेब तरी पटला.

शिवाय खण हा बँकेचा प्राण. मीही लगेच बसलो. 'स्टेअरवे टू हेवन' हे रिकरिंग खातं. आठ मिनिटं हळूहळू साठत जातं आणि मुदत संपता संपता सगळं एकदम हातात पडतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जॉइंट खातं. जेमतेम सहा मिनिटांत विलाप, ऑपेरा आणि रॉक असे तीन खातेदार, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसारानं, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीनं, ते १९७५ साली उघडलं.

इथवर मौज होती. मग 'बॉर्न इन द यू.एस.ए.' आलं. कन्येनं लिहिलं होतं, 'बहिर्मुख, पुढारी'. ध्रुवपद ऐकलं तर मूठ वळून हात वर जातो, हे खरं. पण कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला आणि कामासाठी वणवण करणारा माणूस आहे. गाणं १९८४ चं. त्याच वर्षी खुद्द अध्यक्ष रेगन यांनी निवडणुकीच्या भाषणात गायक स्प्रिंगस्टीनचं नाव आशेचा संदेश देणारा म्हणून घेतलं. ध्रुवपद ऐकून सही ठोकली, कडवी वाचायची राहिली!

हसायचा अधिकार मला नाही. आमच्या काउंटरवर एक पेन्शनर आजोबा दर महिन्याला एकाच फॉर्मवरून तारस्वरात भांडत. मी त्यांना 'भांडखोर' खणात टाकून मोकळा झालो होतो. एकदा गर्दी नव्हती म्हणून ऐकून घेतलं. जॉइंट खात्यातून वारलेल्या बायकोचं नाव कमी करायचा तो फॉर्म होता. भरायला हात उठत नव्हता, म्हणून भांडून परत जात होते. ध्रुवपद मी दोन वर्षं ऐकलं, कडवं त्या दिवशी.

खणांवर माझा आक्षेप एवढाच आहे. ते ध्रुवपदावर पडतात.

"आणि मी कुठल्या खणात?" मी कन्येला विचारलं.

"अंतर्मुख, तपशील, विचार, आखीव," तिनं न बघता सांगितलं. "बाबा, तुझ्या खणात एकही गाणं नाही आलं."

मी तिला 'द साउंड ऑफ सायलेन्स'ची गोष्ट सांगितली. सायमन आणि गारफंकल यांनी ते १९६४ साली नुसत्या साध्या साथीवर गायलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९६५ साली निर्माते टॉम विल्सन यांनी गायकांना न विचारता त्याच ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले, आणि १९६६ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेच शब्द, तेच गळे. आता सांग, अंतर्मुख की बहिर्मुख?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग वहीतलं माझ्या नावापुढचं शाईचं अक्षर खोडून तिनं तेच पुन्हा पेन्सिलीनं लिहिलं.

बँकेत पेन्सिलीच्या नोंदीला कवडीची किंमत नाही. पण त्या रात्री मला झोप फार छान लागली.