अ‍ॅक्रोकोरिंथची भोजनगृहे आणि वेरूळचे पाचवे लेणे

कोरिंथनजीकच्या डीमीटर व कोरे यांच्या देवक्षेत्रावरील नॅन्सी बुकीडिस आणि रोनाल्ड स्ट्राउड यांचा स्थापत्यविषयक खंड 1997 साली प्रसिद्ध झाला. डोंगरउतारावर ओळीने बांधलेल्या तीसाहून अधिक दालनांना तो भोजनगृहे ठरवितो. या निर्णयाचे बळ एका पुराव्यात नाही. भिंतींलगत डोक्याला पाय लावून मांडलेले पहुडण्याचे ओटे असले की दाराच्या एका अंगास ओट्याची लांबी व दुसऱ्या अंगास केवळ रुंदी लागते. म्हणून दार मध्यापासून सरकते. त्यात लगतची स्वयंपाकाची व अंग धुण्याची दालने आणि पाकभांडी यांची साक्ष मिळते. तेव्हा आकार, जागा आणि वस्तू एकच गोष्ट सांगतात.

वेरूळच्या पाचव्या लेण्यास भोजनशाळा म्हणण्याची प्रथा या कसोटीवर मात्र दुबळी ठरते. सुमारे 117 फूट खोल अशा त्या दालनात खांबांच्या दोन रांगांमधून दोन बुटके, लांबलचक दगडी ओटे गेले आहेत. कान्हेरीच्या अकराव्या, ‘दरबार’ लेण्यातही तसेच. परंतु कातळातील जमीन शतकानुशतके झाडली गेली. चूल, राख, हाडे, खापरे यांपैकी काहीच हाती नाही. उरतो तो केवळ आकार, आणि आकारावर इतका भार टाकणे धाडसाचे होय.

याची जाणीव हेमलकसा-भामरागडच्या रानात सहज होते. माडिया गोंडांचे गोटुल लाकूड, माती व गवत यांचे. गावाच्या बैठका, पाहुण्यांचा मुक्काम, सणाचा मेळावा सारे त्याच छपराखाली. उद्या ते कुजून केवळ खांबांचे खळगे उरले, तर त्यांवरून कोणता एक उपयोग ठरविणार? ग्रीक दालन एका कामासाठी घडविलेले असते, हा त्याचा विशेष आहे. तो सार्वत्रिक नियम मानण्याची चूक आपल्याकडील विवेचनात वारंवार होते.

शिवाय वेरूळचे ओटे भिंतींलगत नाहीत. ते बुद्धमूर्तीच्या गर्भगृहाकडे सरळ धावतात आणि बसणारे समोरासमोर येतात. ही मांडणी पंगतीइतकीच पठणासही सोयीची आहे. लडाखच्या विहारांत भिक्षू आजही अशाच ओळींत बसून सूत्रे म्हणतात, आणि तेथल्या तेथेच चहाही घेतात.