देवटेकचा दगड आणि कंसातले शब्द

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा विचारलं, "ब्राह्मी लिपी येत नाही, संस्कृत बारावीपर्यंतचं. प्राचीन इतिहासात पीएचडी जमेल का?" जमेल. लिपी शिकता येते. त्याआधी एक सोपी वाटणारी, पण अवघड गोष्ट शिकावी लागते: छापील लेखसंग्रह वाचणं. ती मला कोणी शिकवली नाही, म्हणून माझी फजिती झाली. आज ती फजिती आणि ज्या पुस्तकामुळे ती झाली ते पुस्तक, दोन्हींबद्दल लिहितो.

पुस्तक म्हणजे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी संपादित केलेला वाकाटकांच्या लेखांचा खंड. 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम' या मालिकेतला हा पाचवा खंड १९६३ साली निघाला. विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर काम करायचं तर हा खंड टाळून पुढे जाता येत नाही. प्रत्येक लेखाचा ठसा, मूळ पाठ, इंग्रजी भाषांतर, टिपा, गावांची ओळख असं सगळं एका ठिकाणी मिळतं. त्यातल्या पहिल्याच लेखाने मला पाडलं.

मी आरमोरीचा. वैनगंगेच्या पुलावरून ब्रह्मपुरीला गेलं की पुढचा तालुका नागभीड. त्या तालुक्यात देवटेक नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका शिलापट्टावर दोन लेख आहेत. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने त्यांची नोंद घेतली होती. दगड आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. घराजवळचा लेख म्हणून मी हरखलो आणि सिनॉप्सिसमध्ये ठोकून दिलं: "सम्राट अशोकाने चंद्रपूरच्या जंगलात शिकारबंदी केली होती." गाईडनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "यातलं 'अशोक' कोणत्या ओळीत आहे? आणि 'शिकार' कोणत्या?"

मी परत खंड उघडला. दोन्ही शब्द दगडावर नव्हते.

मग दगडावर काय आहे? जुना लेख प्राकृतात आहे. कोणी एक 'स्वामी' आज्ञा देतो आहे. चिकंबरी हे गावाचं नाव आहे. मारणं आणि बांधणं, म्हणजे पकडणं, या अर्थाचे शब्द वाचता येतात. लेख खंडित आहे. काय मारायचं नाही, काय पकडायचं नाही, ते शिल्लक नाही. ती जनावरं असावीत, हा मिराशींनी संदर्भावरून केलेला तर्क. अक्षरांचं वळण आणि भाषा अशोककालीन दिसते, म्हणून हुकूम अशोकाच्या एखाद्या धर्ममहामात्राचा असावा, हा त्यापुढचा तर्क. दोन्ही तर्क चांगले आहेत. पण ते तर्क आहेत, आणि मिराशींनी ते तर्क म्हणूनच मांडले आहेत. 'असावा' हा शब्द मी खाऊन टाकला होता. चूक पुस्तकाची नव्हती, माझ्या घाईची होती.

तरीही पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. भाषांतर फार गुळगुळीत आहे. मूळ पाठात चौकोनी कंस असतात, टिंबं असतात, अक्षर पुसट असल्याच्या खुणा असतात. भाषांतरात आलं की तो खडबडीतपणा बराचसा जातो आणि आपल्यासारखा नवखा वाचक थेट भाषांतरावर उडी मारतो. म्हणून माझा पहिला सल्ला: आधी ठसा बघा, मग पाठ, मग टिपा आणि शेवटी भाषांतर. लिपी येत नसली तरी ठशात दगड कुठे फुटलाय ते दिसतंच ना?

आता त्याच दगडावरचा दुसरा लेख. तो कित्येक शतकांनंतरचा, संस्कृतातला. चिक्कंबुरी इथे रुद्रसेन राजाचं धर्मस्थान असल्याचं तो सांगतो. हा वाकाटक घराण्यातला पहिला रुद्रसेन, असं मिराशी म्हणतात. गावाच्या नावाकडे बघा. चिकंबरी, चिक्कंबुरी, आणि देवटेकजवळ आजही चिकमारा नावाचं गाव आहे. इथे मिराशींची स्थलओळख मला पक्की वाटते. नुसता आवाज जुळला म्हणून नव्हे. दोन वेगळ्या काळातले लेख एकाच दगडावर तेच गाव सांगतात आणि दगड त्या गावाशेजारीच सापडतो, म्हणून.

याच्याशी आमच्या तालुक्यातलं वैरागड ताडून बघा. पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ लेखांत त्याने 'वयिरागरम' इथे हत्ती पकडल्याचा उल्लेख येतो. काही अभ्यासकांनी ते आपलं वैरागड मानलं. 'वज्राकर' म्हणजे हिऱ्यांची खाण आणि 'आईन-ए-अकबरी'तही इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. मलाही ते खरं असावंसं वाटतं. गावचा अभिमान कोणाला नसतो? पण लेख तिकडे दक्षिणेत, गाव इकडे आणि मध्ये फक्त आवाजाचं साम्य व खाणीची बरीच नंतरची नोंद. दोन्ही ओळखी एकाच वजनाने लिहिल्या, तर तुमचा परीक्षक व्हायवात तिथेच धरेल. आणि धरावंही.

वाचनाची दुरुस्ती कशी होते, याचा नमुनाही मिराशींनीच दिला आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा लेख ब्यूलरने वाचला होता. १९३९ मध्ये वाशिमचा ताम्रपट मिळाला आणि त्यात पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती अशी पिढी निघाली. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. जिथे 'रुद्रसेन' वाचलं जात होतं तिथे 'सर्वसेन' होतं. भिंत तीच, अक्षरं तीच, पण वाकाटकांची वत्सगुल्म ही वेगळी शाखा उभी राहिली. ब्यूलर कच्चा वाचक नव्हता. त्याच्याकडे वाशिमचा ताम्रपट नव्हता, एवढंच. मिराशींच्या खंडालाही तोच नियम लागतो. शके ३८० चा हिस्सेबोराळ्याचा लेख आणि मांढळचे ताम्रपट त्यात नाहीत. त्यामुळे खंडातला कालक्रम जसाच्या तसा उतरवू नका.

माझा खरा मतभेद मात्र पुढे आहे. मिराशी राजांची वंशावळ जुळवतात. ते गरजेचंच होतं, कारण वाकाटक ताम्रपटांत बहुतेक राज्यवर्षच दिलेलं असतं, शक-संवत नसतो. पण ताम्रपट हा मुळात जमिनीचा कागद आहे. ज्याला जमीन मिळाली त्याने तो जपला, म्हणून तो आपल्याला मिळाला. दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट घ्या. आठ हजार 'भूमी' मापाची जमीन, एक हजार ब्राह्मण, त्यांतली ४९ नावं. ती जमीन आधी कसणाऱ्यांची नावं नाहीत.

पण त्यांची सावली आहे. दानाच्या गावाला दिलेल्या सवलतींची यादी वाचा. सैनिकांनी शिरायचं नाही. गाईबैल, फुलं, दूध मागायचं नाही. कातडी, कोळसा घ्यायचा नाही. मिठावर, खाणीवर हक्क सांगायचा नाही. विष्टी म्हणजे वेठ लावायची नाही. जे माफ केलं ते इतर गावांकडून घेतलं जात असणार. कृष्णमोहन श्रीमालींनी १९८७ च्या पुस्तकात याच लेखांतून शेतीव्यवस्था शोधली. आमच्यासारख्या जंगलपट्टीतल्या मुलांना तो रस्ता जवळचा वाटतो. फक्त सांभाळा: ही यादी साच्यातली आहे, लेखामागून लेखात तीच येते. त्यावरून 'चम्मकला कोळसा पाडत होते' असं म्हणता येत नाही. राज्य कोळशावर हक्क सांगत होतं, इतकं म्हणता येतं. तेही थोडं नाही.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: "देवटेकच्या खंडित प्राकृत लेखात पकडणे व मारणे यांविषयीची आज्ञा असून ती प्राण्यांसंबंधी असावी, असे मिराशी मानतात." लांब आहे, मिळमिळीत आहे, गावात कोणाला वाचून दाखवलं तर कोणी टाळ्या वाजवणार नाही. पण बोट ठेवून विचारलं तर प्रत्येक शब्द कुठून आला ते सांगता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात आवडतं वाक्य काढा आणि त्याच्यावर आज एकदा असंच बोट ठेवून बघा.